डमी ग्राहकाची मजुरी

जून २०२० मध्ये, पेरणीच्या ऐन घाईत, राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री दादा भुसे औरंगाबादच्या एका खत दुकानात साधा शेतकरी बनून गेले. करोनाचे दिवस होते, तोंडाला मास्क होता, ओळखणारे कोणी नव्हते. त्यांनी युरिया मागितला. दुकानातून उत्तर आले की युरिया नाही. साठा मात्र होता. मंत्र्यांनी ओळख सांगितली, पंचनामा झाला, संबंधित अधिकाऱ्यावर कारवाईचे आदेश निघाले. मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना या बातमीत युरिया दडवल्याचे नवल वाटले नाही. ते उत्तर त्यांनी दर हंगामात ऐकलेले असते. नवल एवढेच होते की या वेळी ते उत्तर ज्याला मिळाले, त्याच्याकडे कारवाईचा अधिकार होता.

ग्राहक म्हणून जायचे, ग्राहकासारखेच वागायचे, आणि आपल्याशी कसा व्यवहार झाला ते ज्याने पाठवले त्याला कळवायचे. या कामाला कंपन्या मिस्ट्री शॉपिंग म्हणतात. पोलीस, कृषी आणि आरोग्य खात्यात डमी ग्राहक किंवा बनावट ग्राहक म्हणतात. मोठ्या शहरांत हा आता रीतसर जोडधंदा आहे आणि मोबाइलमुळे त्याच्या जाहिराती धाराशिव, कळंब, उमरग्याच्या पोरांपर्यंतही येतात. ‘खरेदी करा, जेवा, पैसे मिळवा’ असा त्यांचा सूर असतो. या कामात खरोखर किती मिळते, खर्च कोणाचा होतो, हॉटेलात टीप द्यायची की नाही, आणि धाराशिवसारख्या जिल्ह्यात हे काम कोणासाठी व्हायला हवे, हे नीट मांडण्याची गरज आहे.

कल्पना जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्यापाऱ्याच्या वेशातले हेर आहेत. देवगिरीवर चालून आलेल्या अल्लाउद्दीन खिलजीने दिल्लीत धान्यापासून मिठाईपर्यंत सगळ्याचे भाव बांधून दिले होते. ते पाळले जातात का हे पाहायला तो लहान मुलांच्या हातात नाणी देऊन त्यांना बाजारात पाठवायचा. मुलांनी आणलेली रोटी किंवा मिठाई तोलली जायची आणि वजन कमी भरले तर तेवढे मांस दुकानदाराच्या अंगातून कापले जायचे, असे इतिहासकार बरनीने लिहून ठेवले आहे. शिक्षा रानटी होती. पण सुलतानाने शोधलेली पद्धत बिनचूक होती. अधिकारी गेला की माप भरून मिळते, पोरगे गेले की खरे माप कळते. आजच्या धंद्याचे रूप १९४०च्या दशकात अमेरिकेत घडले. बँका आणि दुकाने आपलेच नोकर गल्ल्यात हात घालतात का हे तपासायला गुप्त ग्राहक पाठवू लागली. पुढे चोरी पकडण्यापेक्षा सेवा तपासणे हा मुख्य हेतू झाला.

आज काम असे चालते. कंपनी स्वतः माणूस पाठवत नाही, ती एका संस्थेला कंत्राट देते. संस्था अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर नोंदणी घेते. नोंदणीला पैसे लागत नाहीत, हे पक्के लक्षात ठेवावे. मग कामे दिसू लागतात: अमुक पंपावर जाऊन पेट्रोल भरा, अमुक शोरूममध्ये दुचाकीची चौकशी करा, अमुक बँकेत मुदत ठेवीची माहिती विचारा. प्रत्येक कामाला एक ठरलेला प्रसंग असतो. काय विचारायचे, किती वेळ थांबायचे, कोणता आक्षेप घ्यायचा ते आधी लिहून येते. बिल जपायचे, जागेची नोंद असलेला फोटो काढायचा, वेळ लिहायची. नमस्कार किती मिनिटांत झाला, गणवेश होता का, पंपावरच्या मुलाने मीटरवरचा शून्य दाखवला का, असल्या पन्नासएक प्रश्नांचा तक्ता भरायचा. बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. बिल अस्पष्ट निघाले, फोटो चुकीच्या कोनातून आला, उत्तरांत मेळ नसला की अहवाल नाकारला जातो. नाकारला की मेहनताना नाही, आणि खर्चही बहुतेक वेळा आपल्याच अंगावर.

मेहनताना म्हणजे सामान्य कामाला काही शे रुपये. तो महिना-दोन महिन्यांनी खात्यात येतो. खरेदीचे किंवा जेवणाचे पैसे आधी आपण घालायचे. ते ठरलेल्या मर्यादेपर्यंत परत मिळतात. मुंबई-पुण्यात एकाच मॉलमध्ये चार कामे लागून मिळाली तर गणित बसते. धाराशिवात ते बसत नाही, कारण इथे अंतर मध्ये येते. धाराशिव शहरात राहणाऱ्याला उमरग्याच्या एका शोरूमचे काम मिळाले असे धरा. तुळजापूर, नळदुर्ग करत उमरगा शंभर किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन दुचाकीला चार लिटर पेट्रोल, म्हणजे चारशेच्या वर रुपये. मेहनताना चारशे-पाचशे असेल तर दिवस फुकट गेला. प्रवासखर्च वेगळा देणारी कामे असतात, पण ती मागून घ्यावी लागतात. २०२५-२६ मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. पेट्रोल, जेवण आणि तक्ता भरण्याचे दोन तास वजा केल्यावर एवढे उरते का, हे काम घेण्याआधी प्रत्येकाने कागदावर मांडावे. माझ्या हिशेबाने या जिल्ह्यात गुप्त ग्राहकाचे काम हा चरितार्थ होऊ शकत नाही. ज्या गावाला आपण तसेही जाणार आहोत तिथले काम घेतले, तरच ते परवडते.

दुसरी अडचण माणसांची आहे. पुण्यात दुकानात कोण आले याची कोणाला पडलेली नसते. वाशीत किंवा लोहाऱ्यात अनोळखी माणूस आत आला की पहिला प्रश्न येतो, “पाव्हणं, कुठल्या गावचं म्हणायचं?” उत्तर दिले की पुढचा प्रश्न, तिथे अमक्याला ओळखता का. दोन प्रश्नांत माणसाचे नाते, पीक आणि पत कळते. गुप्त राहणे हीच ज्या कामाची अट, ते काम अशा गावात करायचे तर खोटे कमीत कमी बोलावे लागते. जाणकार ग्राहक स्वतःचे खरे गाव सांगतो, खरी गरज घेऊन जातो आणि फक्त कोणी पाठवले ते सांगत नाही.

आता टिपेबद्दल. जेवणाच्या कामात हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो, आणि तो वाटतो तेवढा किरकोळ नाही. परतफेडीची मर्यादा बिलावर ठरते. टीप बिलावर छापली जात नाही. म्हणून ती परत मिळणार का, आणि मर्यादेत धरली आहे की वेगळी, हे काम स्वीकारण्याआधी लेखी विचारून घ्यावे. रक्कम त्या जागेच्या रीतीप्रमाणे असावी. सोलापूर-धाराशिव रस्त्यावरच्या ढाब्यावर लोक बडीशेपेच्या बशीत दहा-वीस रुपये ठेवतात. तिथे कोणी शंभराची नोट ठेवली तर तो माणूस वेटरच्या लक्षात राहतो, आणि लक्षात राहिलेला गुप्त ग्राहक पुन्हा कामाचा उरत नाही. काहीच न ठेवणाराही लक्षात राहतो. बिलात आपोआप धरलेला सेवा आकार ही टीप नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये असा आकार सक्तीने लावू नये असे सांगितले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती भूमिका मान्य केली. तो बिलातून काढायला लावण्याचा हक्क गुप्त ग्राहकालाही आहे.

यूपीआय आल्यापासून बशीतली चिल्लर कमी झाली. मालकाचा क्यूआर कोड स्कॅन केला की पैसे मालकाच्या खात्यात जातात. सुटे परत येत नाहीत, मग वेटरच्या हातात काय पडते? जेवायला पाठवलेल्या ग्राहकाने खिशात दहा-वीसच्या नोटा ठेवाव्यात, असे मला मनापासून वाटते. याचे कारण पुढे आहे. आपल्या अहवालात त्या मुलाचे नाव असते. त्याने हसून स्वागत केले नाही, पाणी विचारले नाही, असे आपण लिहितो. तो सकाळपासून किती तास उभा आहे, दुपारी जेवला का, हा रकाना तक्त्यात नसतो. कंपनीने माणसे कमी ठेवली म्हणून सेवा उशिरा मिळाली, तरी दंड वेटरला बसतो. सचोटीचा गुप्त ग्राहक टिपणीच्या जागेत हेही लिहितो की चार टेबलांना एकच मुलगा होता. अहवाल खरा असायला हवाच, पण तो पूर्णही असायला हवा.

या धंद्याच्या नावाने फसवणूक फार मोठी चालते. अमेरिकेत ती खोट्या धनादेशांतून झाली: धनादेश पाठवायचा, त्यातली रक्कम पुढे कोणाला तरी पाठवायला लावायची, आणि धनादेश परत आला की नुकसान ग्राहकाचे. आपल्याकडे तीच चाल टेलिग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून येते. हॉटेलला तारे द्या, दुकानाला चांगला शेरा द्या, प्रत्येक कामाला पन्नास रुपये. पहिले शे-दीडशे खरोखर जमा होतात. मग ‘मोठे टास्क’ घेण्यासाठी आधी हजार भरा, मग पाच हजार, मग अडकलेले पैसे सोडवायला आणखी. नोकरीची वाट पाहत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले आणि घरून काही कमवू पाहणाऱ्या सुना यात अडकतात. आणि बदनामीच्या भीतीने घरात सांगत नाहीत. पैसे गेले तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता जास्त. ओळखण्याची खूण सोपी आहे. खऱ्या कामात आपण दुकानात जाऊन वस्तूचे पैसे देतो आणि वस्तू घेतो. काम मिळावे म्हणून पैसे द्यावे लागत असतील, तर ते काम नाही.

कंपन्यांचा गुप्त ग्राहक शेवटी कंपनीचे नाव राखायला नेमलेला असतो. तो जे पाहतो ते कंपनीपुढे ठेवतो, तुमच्या-माझ्यापुढे नाही. हीच पद्धत जेव्हा लोकांच्या बाजूने वापरली गेली, तेव्हा तिची ताकद दिसली. २०१४-१५ च्या सुमारास मुंबई आणि पाटण्यात संशोधकांनी क्षयरोगाची लक्षणे सांगणारे प्रशिक्षित ‘रुग्ण’ खाजगी डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी रांगेत बसून, फी भरून तपासणी करून घेतली. अडीच हजारांहून अधिक भेटींपैकी योग्य हाताळणी झाली ती साधारण एक तृतीयांश भेटींत. दिल्लीत मोनिका हलन आणि रेणुका साने यांनी करबचतीची योजना विचारणारे ग्राहक बँकांत पाठवले. अनेकदा त्यांच्या गळ्यात ग्राहकापेक्षा बँकेच्या फायद्याची योजना मारण्याचा प्रयत्न झाला. हे कोणत्याही तपासणी अधिकाऱ्याला कळले नसते, कारण त्याच्यासमोर डॉक्टर आणि बँक व्यवस्थापक नियम पाळतात.

महाराष्ट्रात या पद्धतीचे सर्वांत धाडसी काम बायकांनी केले आहे. साताऱ्याच्या अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांच्या दलित महिला विकास मंडळाने, लेक लाडकी अभियानातून, गर्भलिंग निदान करणाऱ्या सोनोग्राफी केंद्रांवर गर्भवती महिलांना ग्राहक म्हणून पाठवले. त्यांचा हात धाराशिवच्या शेजारच्या बीड जिल्ह्यापर्यंत पोचला. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालील हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या, राज्याची सरासरी ८९४ असताना. २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार देशपांडे यांना मिळाला. पण त्या केंद्रात पोट घेऊन गेलेल्या बाईचे काम एका दुपारी संपले नाही. ती साक्षीदार झाली. बाळ जन्मले, चालू लागले, शाळेत गेले, तरी तिला न्यायालयातून बोलावणी येत राहतात. समोरच्या डॉक्टरचे वकील तिलाच उलट प्रश्न विचारतात. राजस्थानने आपल्या मुखबिर योजनेत हे ओळखून बक्षिसात खबऱ्याबरोबर गर्भवतीचा आणि तिच्या सोबत्याचाही वाटा ठेवला. महाराष्ट्रात खबर देणाऱ्याला एक लाखाचे बक्षीस आहे. या महिलांना त्यांच्या प्रत्येक तारखेचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि संरक्षण मिळणे हा उपकार मानू नये. ती त्यांच्या कामाची मजुरीच आहे.

धाराशिवात दोन जागी असा ग्राहक सगळ्यात जास्त हवा आहे. पहिली जागा दिवाळीची. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीचा खवा नावाजलेला आहे, २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. नाव मोठे झाले की त्या नावाखाली दुसराच माल खपवण्याचा मोह वाढतो आणि नुकसान भट्टीवर रात्रभर दूध आटवणाऱ्या खऱ्या उत्पादकाचे होते. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम ४० मध्ये साध्या ग्राहकालाही घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेण्याची सोय आहे. अट अशी की खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला तसे सांगावे लागते. शुल्क आधी भरायचे आणि पदार्थ नियमात बसत नाही असे निघाले तर ते परत मिळते. म्हणजे कायद्याने ग्राहकाला तपासणीस बनवले, फक्त गुप्त राहू दिले नाही. तरीही “मी हा तपासायला देणार आहे” एवढे वाक्य काउंटरवर मोठ्याने बोलले गेले, तर बाकीचे चार गिऱ्हाईकही ऐकतात.

दुसरी जागा जूनमधली. आपला जिल्हा सोयाबीनचा, आणि सोयाबीनला पेरणीबरोबरच खत लागते. ५० किलो डीएपीच्या गोणीचा दर १,३५० रुपये, ४५ किलो युरियाच्या गोणीचा २६६ रुपये ५० पैसे. खत नियंत्रण आदेश १९८५ प्रमाणे साठा आणि दराचा फलक दर्शनी लावणे आणि पावती देणे दुकानदाराला बंधनकारक आहे. प्रत्यक्षात शेतकऱ्याला काय ऐकावे लागते? “डीएपी हाय, पण ह्याच्यासंगं हे घ्यावं लागंल.” ‘हे’ म्हणजे न मागितलेले सूक्ष्म अन्नद्रव्याचे पाकीट किंवा बाटली. याला सगळे लिंकिंग म्हणतात. लिंकिंग करू नका असे आदेश हंगामाआधी निघतात, भरारी पथके नेमली जातात. पण पथकाची गाडी तालुक्यात शिरली की तासाभरात सगळ्या दुकानांना कळते, आणि त्या दिवशी लिंकिंग होत नाही. उलट बाजूही सांगायला हवी. कंपनी आणि ठोक विक्रेता लहान दुकानदाराच्याही गळ्यात तीच पाकिटे मारतो. डमी ग्राहकाने फक्त शेवटच्या काउंटरवरचा माणूस पकडला आणि साखळी तशीच राहिली, तर तो अन्यायच होईल.

इथे कृषी खात्यापुढे अडचण येते. खताची विक्री ई-पॉस यंत्रावर आधार आणि अंगठ्याने होते. कार्यालयातला शिपाई शेतकरी बनून गेला तर त्याची मागणी, त्याचे बोलणे, त्याचे हात त्याला उघडे पाडतात. डमी ग्राहक हा खरा शेतकरीच असायला हवा, ज्याला त्या गोणीची खरी गरज आहे, जो शेजारच्या तालुक्यातून आला आहे. त्याला गोणीचे पैसे आधी हातात द्यावे लागतील, कारण जूनमध्ये शेतकऱ्याच्या खिशात दुसऱ्याच्या तपासणीसाठी घालायला पैसे नसतात. त्याचा दिवस मोडतो, त्याची मजुरी द्यावी लागेल. आणि त्याचे नाव पंचनाम्यात आले तर पुढच्या वर्षी त्याला त्या दुकानात उधारी मिळणार नाही. उधारी हाच शेतकरी आणि दुकानदार यांच्यातला खरा दोर आहे, आणि बहुतेक तक्रारी त्या दोराच्या भीतीने तोंडातच राहतात. म्हणून त्याच्या अहवालावरून अधिकाऱ्याने स्वतंत्र तपासणी करावी. साठा मोजावा, पावत्या आणि ई-पॉसची नोंद जुळवावी, त्याच दिवशीच्या इतर खरेदीदारांना विचारावे. साक्ष कागदाने द्यावी, माणसाला उघडे करू नये.

ग्राहक चळवळ हे महाराष्ट्राने देशाला दिलेले काम आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, दुसऱ्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली. त्या चळवळीने बिल मागायला शिकवले. डमी ग्राहकांची अशी व्यवस्था उभी राहीपर्यंत आपल्याला जे करता येते ते सांगतो. पंपावर शंका आली तर पाच लिटरचे प्रमाणित माप मागा. ते पंपावर असलेच पाहिजे आणि पाच लिटरला २५ मिलिलिटरपेक्षा जास्त तूट चालत नाही. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यभर टाकलेल्या धाडींत यंत्रात चिप बसवलेले पंप सापडले होते, हे विसरू नका. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर १९१५ वर कळवा. खताची पावती घेतल्याशिवाय गोणी गाडीवर चढवू नका.

आणि जिल्हा प्रशासनाला एक मागणी आहे. येत्या खरिपाच्या आधी, मे महिन्यातच, आठही तालुक्यांसाठी खऱ्या शेतकऱ्यांतून डमी ग्राहक निवडा. त्यांना खरेदीची रक्कम आगाऊ द्या, दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च आठवड्याच्या आत द्या, त्यांची नावे कोणत्याही कागदावर उघड करू नका, आणि कोणत्या तालुक्यात किती दुकानांनी लिंकिंग केले ते जूनअखेर जाहीर करा.